बॉनेटखाली : भाग १४ – काढून टाकलेला वॉल्व्ह

वॉटर पंप आज नाही. कबूल केलं होतं, ठाऊक आहे. पण मध्येच पिंपळगाव बसवंतहून एका द्राक्ष वाहतूकदाराचं पत्र आलं आणि आठवडाभर माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

त्यांची डिझेल पिकअप आहे. जानेवारीत पहाटे क्रेट भरून ते नाशिकला निघतात. निफाड तालुक्यातली पहाट कशी असते ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की बागांमध्ये शेकोट्या पेटतात, ठिबक सोडलं जातं. अशा थंडीत ही गाडी सुरू होते, पण बराच वेळ पांढरा धूर मारते. नाशिकपर्यंतच्या तीसेक किलोमीटरमध्ये तापमानाचा काटा खालच्या रेघेच्या जेमतेम वर येतो. हीटर लावला तर पायांवर गार वारा. ॲव्हरेजही उतरलं आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ जाता जाता लिहिलेली : ‘मे महिन्यात घाटात गाडी तापली होती, तेव्हा मिस्त्रींनी वॉल्व्ह काढून टाकला. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?’

संबंध आहे, आणि सगळा तिथेच आहे.

पाण्याची लहान फेरी (इंजिनातल्या इंजिनात) आणि मोठी फेरी (रेडिएटरमधून) आपण आधीच्या भागांत पाहिली. त्या दोन फेऱ्यांच्या नाक्यावर बसलेला दारवान म्हणजे हा थर्मोस्टॅट वॉल्व्ह. अंगठ्याच्या पेराएवढी धातूची डबी, तिच्यात मेण, मेणात उष्णता लवकर पसरावी म्हणून मिसळलेली तांब्याची पूड आणि वर एक पिन. मेण वितळताना फुगतं, पिनेला रेटतं, झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग तिला मिटवते. वायर नाही, वीज नाही. ही मेणाची डबी १९३४ मध्ये सर्जियस व्हर्ने यांनी शोधली. त्याआधी पटकन उडणाऱ्या द्रवानं भरलेली धातूची भाता-नळी वापरत. पुढे रेडिएटरची टोपणं दाबाची आली, आणि त्या दाबानं भाता चेपून उघडण्याची वेळ चुकू लागली. मेणाला दाबाचं काही वाटत नाही. मला ही युक्ती आजही तितकीच सुंदर वाटते.

आता मिस्त्रींची बाजू. मे महिन्यात गाडी तापली, म्हणजे वॉल्व्ह बहुधा मिटलेल्या स्थितीत अडकला होता. तो काढला आणि गाडी पुढे गेली. रस्त्यावरचा तेवढ्यापुरता उपाय म्हणून ते चूक नाही. चूक झाली ती नंतर नवा न बसवण्यात. ‘आपल्या हवेत वॉल्व्ह लागतोच कशाला’ हे वाक्य मी मराठवाड्यापासून कोकणापर्यंत ऐकलं आहे, आणि दर वेळी त्याच्याशी भांडलो आहे.

पहिलं कारण असं की पुष्कळ इंजिनांत या वॉल्व्हला खाली दुसरी एक चकती असते. वरची झडप उघडते तसतशी ती चकती लहान फेरीची वाट बुजवते. वॉल्व्हच काढला तर ती वाट कायमची उघडी. मग गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता इंजिनातच घुमत राहतो, आणि उन्हाळ्याच्या भीतीनं वॉल्व्ह काढलेली गाडी भर उन्हात ओझं घेऊन घाट चढताना आधीपेक्षा जास्त तापू शकते.

दुसरं कारण थंडीचं. सिलिंडर गार राहिला की डिझेल नीट जळत नाही. त्याचा काही भाग भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये उतरतो. जळताना तयार झालेली वाफ बाहेर न पडता आतच पाणी होते. ऑइलच्या टोपणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला की हेच चाललं आहे असं समजा. (कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासा.) १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये सिलिंडरच्या झिजेवर जे प्रयोग झाले, त्यांत गार इंजिनातली झीज मुख्यतः या आम्लट ओलाव्याच्या गंजानं होते असं दिसलं. नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच तक्रार करतो : पी०१२८, म्हणजे पाणी हवं तेवढं तापतच नाही.

वॉल्व्ह असलेल्या गाडीतही तो उघडा अडकला तर हीच लक्षणं दिसतात. परीक्षा सोपी आहे. सकाळी गार गाडी सुरू करा आणि पंख्यापासून हात जपून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर ठेवा. पाइप काही मिनिटं गार राहून मग एकदम तापला तर वॉल्व्ह ठीक. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा आहे, किंवा नाहीच.

नवा वॉल्व्ह बसवण्याआधी पातेल्यात पाहून घ्या. झडप किंचित उघडून तिच्यात शिवणाचा दोरा अडकवायचा, वॉल्व्ह पाण्यात लटकता धरायचा, शेजारी थर्मामीटर. ८२ छापलेला वॉल्व्ह त्या सुमाराला दोऱ्यावरून सुटून तळाशी पडतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. नाशिकला पाणी ९८ च्या आसपास उकळतं, त्यामुळे तेही दिसतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ लाच उकळतं. तिथे ८२ हून जास्त अंशांचा वॉल्व्ह अर्धवट उघडला म्हणून परत करू नका.

गेल्या रविवारी मी पिंपळगावला जाऊन आलो. गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे टोपण उघडायला निर्धास्त. चार लिटर कूलंट स्वच्छ टबात काढलं. दहाच्या पान्यानं दोन बोल्ट, आणि वॉल्व्हचं घर मोकळं. खरं काम पॅकिंग खरवडण्याचं : ॲल्युमिनियम मऊ असतं, पात्याचा एक ओरखडा उठला की गळती. त्यात अर्धा तास गेला. वॉल्व्ह बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि कडेच्या भोकातली छोटी लटकती पिन वर, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. नवं पॅकिंग घातलं आणि बोल्ट आलटून पालटून आवळले, जोर न लावता. मग गाडीचं तोंड चढावर करून, हीटर पूर्ण उघडा ठेवून, कूलंट सावकाश भरलं.

गाडी सुरू केली. वरचा पाइप गार. काटा मात्र हलला, चढत गेला. मालकांचा हात पाइपवरच होता. बऱ्याच वेळानं त्यांनी तो झटक्यात मागे घेतला आणि म्हणाले, “आला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटची पातळी दोन बोटं उतरली होती. आतली हवा निघाली की इतकी उतरतेच. त्यांनी भरून घेतली. वॉटर पंप पुढच्या आठवड्यात.