खोडीतली गोडी

परीक्षा संपली, दप्तर माळ्यावर गेलं, की घरोघरी एक वेगळीच शाळा भरते. तिला घंटा नाही, गृहपाठ नाही. मामेभाऊ, आतेबहीण, शेजारची दोन-चार पोरं असा वर्ग जमतो आणि विषय एकच : आज कोणाची फजिती करायची!

सोलापूरचा उन्हाळा या शाळेला भलताच सोयीचा. पारा चाळीस अंशांच्या वर, त्यामुळे दुपारी बाहेर पडायला बंदी. मग सारी वानरसेना घरातच! काकांच्या चपला लपवायच्या, घोरणाऱ्या दादाला काजळाच्या मिशा काढायच्या. रात्री गच्चीवर सोलापुरी चादरीखाली दोन उशा ठेवून आपण शेजारच्या अंथरुणात गप्पा मारत बसायचं. पहिल्यांदाच आलेल्या मुंबईच्या भावाला खडखडीत कडक भाकरी दाखवून सांगायचं, "ही खायची नसते रे, जेवायला बोलावताना वाजवायची असते!" बिचारा दोन्ही हातांनी वाजवतो, आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडते, "अरे, भाकरी आहे ती!"

या शहरात गमतीचा आणखी एक खजिना आहे, तो म्हणजे भाषा. कर्नाटकची हद्द जवळ, म्हणून कानडी घरोघरी. कापड विणायच्या निमित्तानं तेलंगणातून आलेली तेलुगू कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मराठी, हिंदी-उर्दू तर आहेच. आता बघा, तेलुगूत दुधाला म्हणतात 'पालु'. "चहात पालु जास्त घाल," हे ऐकल्यावर नवखी पाहुणी कप खाली ठेवून छताकडे पाहणारच की नाही? कानडीत जेवणाला म्हणतात 'ऊटा'. शेजारच्या अज्जी प्रेमानं "ऊटा?" असं विचारतात आणि पाहुणा ताडकन उभा राहतो. त्याला वाटतं, "ऊठ" म्हणाल्या!

अशी गंमत त्या दिवशी संपत नाही बरं का. ती लोणच्यासारखी मुरते. पुढच्या मे महिन्यात कोणी चहाचा कप उचलून नुसतं वर पाहिलं, तरी घर हसून लोटपोट होतं. बाहेरच्याला त्यातलं काही कळत नाही. जणू ती त्या घराची गुप्त भाषाच!

गंडवणारे काही फक्त आपल्याच घरात नसतात. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरामा' या गंभीर कार्यक्रमात एक वृत्तांत दाखवला गेला. स्वित्झर्लंडमधल्या बायका झाडांवरून लांबलचक स्पॅगेटी तोडून टोपल्यांत भरताहेत! स्पॅगेटी म्हणजे इटलीतल्या जाडसर शेवयाच म्हणा ना. तेव्हा इंग्लंडात ती फारशी कोणाला माहीत नव्हती. कित्येकांनी फोन करून विचारलं, "हे झाड घरी कसं लावायचं?" उन्हाळ्यात आपल्याकडे शेवया वाळत घातलेल्या असतातच. दोन-चार अंगणातल्या झाडाच्या फांदीवर अडकवून धाकट्यांना दाखवा. मात्र आधी आजीला आपल्या गटात घ्या, नाहीतर तुमचीच फजिती!

आता जरा गंभीर गोष्ट. मस्करीची कुस्करी कधी होते? खुर्चीवर बसणाऱ्याची खुर्ची मागं ओढली, तर पाठीच्या कण्याला कायमची इजा होऊ शकते. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं, गच्चीच्या कडेला उभ्या असलेल्याला दचकवणं, ही गंमत नव्हेच. "बाबांना अपघात झालाय" असं खोटं सांगणंही नाही. पुढच्या वेळी खरंच काही घडलं, तर तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?

काही जखमा मात्र दिसत नाहीत. एखादी ताई बोलताना अडखळते, एखादा दादा काळासावळा किंवा जाडा असतो. दर सुट्टीत तेच चिडवायचं आणि वर म्हणायचं, "चेष्टा होती गं!" ती हसते खरी, पण पुढच्या सुट्टीत यायलाच तयार होत नाही. 'पालु' ऐकून छताकडे पाहणं ही एका क्षणाची फसगत असते. अडखळणं ताईबरोबर रोज असतं. तिनं ते ठेवायचं कुठं?

मग ओळखायचं कसं? एक सोपी खूण आहे. आपल्या चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवा. त्याच्या फजित्यांवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या हसल्या, कारण त्या तो स्वतःच सांगतो! तसंच घरातही. ज्याची फजिती झाली, तोच चारचौघांत हसत ती गोष्ट सांगत असेल, तर खोडी जमली. तिचा विषय निघताच तो उठून आत जात असेल, तर ती गंमत तिथंच थांबवायची. मोठ्यांनीसुद्धा! "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस," असं म्हणायचं नाही.

म्हणून खोडीचे हे चार नियम :

१. कोणाला इजा होणार नाही, आणि खाण्यापिण्यात नको ते मिसळायचं नाही.

२. रूप, आजार, गरिबी, बोलण्यातली अडचण यांवर विनोद नाही.

३. जो खोडी काढतो, त्यानं उद्या आपली फजितीही सहन करायची.

४. मोबाइलवर चित्रण केलं, तर ज्याचं केलं त्याला विचारल्याशिवाय कोणालाही पाठवायचं नाही.

या सुट्टीत एक वही करा. आजी-आजोबा, मामा-मामी, काका-काकू यांना विचारा, "तुमच्या लहानपणची घरातली गंमत कोणती?" एकेका पानावर एकेक लिहा आणि ज्याची फजिती झाली, त्याची खाली सही घ्या. सही मिळाली नाही, तर पान कोरं ठेवा.

आणि हो, हे वाचण्यात तुम्ही इतके दंग होता, तेवढ्यात तुमच्या चपला जागेवर आहेत का, बघा बरं!