वजनाच्या नोंदीची दुसरी प्रत


गडमुडशिंगीच्या काही सभासदांनी आम्हाला विचारलं, "मशीन बिघडलं तर आमच्या उसाच्या वजनाचं काय?" प्रश्न रास्त आहे. काट्याची पावती तुमच्या हाती असते. पण ऊसनोंद, वजन, बिल, शेअर्स हा सगळा हिशेब ऑफिसातल्या सर्व्हर नावाच्या मुख्य संगणकात असतो. त्याची प्रत कॅसेटीसारख्या टेपवर उतरवायला बाहेरून टेप ड्राइव्ह जोडतात.

ड्राइव्हची केबल सर्व्हरमधल्या साध्या सॅस कार्डाला लावावी. डिस्क सांभाळणाऱ्या रेड कार्डावर टेप बहुधा चालत नाही. आधी सर्व्हर बंद करावा, केबल लावावी, मग ड्राइव्ह चालू करावा आणि शेवटी सर्व्हर. उलट केलं की बऱ्याचदा ड्राइव्ह दिसतच नाही, अन् माणूस उगाच केबली बदलत बसतो.

एलटीओ-८ प्रकारच्या एका टेपवर १२ टेराबाइट माहिती मावते. पण ती ड्राइव्हमध्येच राहिली तर उपयोग काय? २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आपण पाहिलाय. भरलेली टेप बाहेर काढून, तिच्यावर पुन्हा लिहिलं जाऊ नये म्हणून खिटी सरकवून, पुराच्या पट्ट्याबाहेर कोरड्या जागी ठेवावी. अधूनमधून तीवरची जुनी बिलं परत उतरवून ताडून पाहावीत. न तपासलेली टेप आम्ही प्रत मानत नाही. ताडायला काट्याची पावती लागते. बिल जमा झालं तरी ती फाडू नका.