नियंत्रण कक्षातील संगणक आणि पाळीतील माणसे

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि ती पुन्हा मिटलीच नाही. फलकावरील दिवा मात्र ती मिटल्याचे सुचवीत होता. झडपेला मिटण्याची आज्ञा गेली, एवढेच तो दिवा दाखवीत असे. शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना सुरू झाल्या. अणुभट्टीतील पाणी घटत असता ते वाढत आहे, असा कक्षातील कर्मचाऱ्यांचा समज झाला. सुमारे दोन तास वीस मिनिटांनी, नुकत्याच कामावर आलेल्या एका पाळीप्रमुखाने त्याच वाटेवरील दुसरी झडप बंद करविली. या अपघातात भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

यानंतर संकटकाळच्या कार्यपद्धती नव्याने लिहिण्यात आल्या. बिघाड कोणता हे आधी ओळखण्याऐवजी दाब, तापमान, पाण्याची पातळी या लक्षणांवरून पावले टाकावीत, असे ठरले. पाळीप्रमुख पुस्तिकेतील पायरी मोठ्याने वाचतो, ‘दाब किती?’ असे विचारतो, फलकाजवळील कर्मचारी आकडा सांगतो आणि प्रमुख तो पुन्हा उच्चारतो. ही रीत संथ आहे खरी. पण काम कोठवर आले ते साऱ्या कक्षाला ऐकू येते. ग्रामसभेत मागील इतिवृत्त वाचून दाखविण्याचा प्रघात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील मर्म सहज उमगेल.

पुढे ही पुस्तिका संगणकाच्या पडद्यावर आली. फ्रान्समधील शू येथे १९९६ साली वीजजाळ्यास जोडलेल्या अणुभट्टीचा नियंत्रण कक्ष तर संपूर्णतः संगणकीकृत आहे. अशा व्यवस्थेत पायरी आणि तिला लागणारा आकडा एकत्र दिसू शकतात. पायरी गळण्याचा संभव कमी होतो आणि सतत लक्ष ठेवावयाच्या बाबींची आठवण यंत्रच देते. हे लाभ लहान नाहीत.

तथापि आकडा समोर दिसत असल्याने ‘दाब किती?’ हा प्रश्नच उरत नाही. प्रमुख एकटाच पायऱ्या ओलांडीत पुढे जाऊ शकतो. सहकारी मूक होतात, आणि ‘माझ्याकडचा आकडा निराळा आहे’ असे म्हणण्याची संधी हुकते. संवेदक चुकला तर पडदाही चुकतो. संगणक आल्यामुळे पाळीतील माणसे कमी करता येतील, हा हिशेब म्हणूनच घाईचा ठरतो.

यावर काही उपाय आहेत. प्रमुखासमोरील पायरी इतरांच्या पडद्यांवर किंवा भिंतीवरील मोठ्या फलकावर दाखविता येते. महत्त्वाच्या पायऱ्या मोठ्याने उच्चारण्याचा आणि सहकाऱ्याने आकडा स्वतंत्रपणे पडताळण्याचा नियम ठेवता येतो. प्रतिरूप कक्षातील प्रशिक्षण संपूर्ण पाळीला एकत्र देणे हिताचे ठरते. त्यात संगणक मध्येच बंद करून, त्याच पायरीपासून कागदी पुस्तिका हाती घेण्याचा सरावही करविता येतो.