होडीला बॅटरीची मोटार लावताय? आधी अँपिअरचा हिशोब करा



हतनूरच्या बॅकवॉटरला मासेमारी करणारे काही सभासद वल्ह्याऐवजी बॅटरीची मोटार लावायचं विचारताहेत. म्हणून आजचा मेसेज थोडा मोठा आहे.

फक्त शेततळ्यात खाद्य टाकायचं असेल तर मोटार घेऊच नका. काठावरून काम होतं. पंख्यानं तळ्याचा कागद फाटला तर भलताच खर्च.

धरणासाठी मात्र विचार करायला हरकत नाही. मोटारीची ताकद पौंडात लिहिलेली असते. होडी, माणसं, जाळं, बॅटरी, मासे सगळं धरून दर 45 किलोला 2 पौंड लागतात. 450 किलो भरलं तर 20 पौंड. पण हा आकडा शांत पाण्याचा. समोरून वारं आलं की तो पुरत नाही, म्हणून 40 पौंडाची बघा.

*खरा पैसा बॅटरीत जातो.* 12 व्होल्टची मोटार फुल स्पीडला साधारण पौंडाला 1 अँपिअर खाते, म्हणजे 40 पौंडाला 40 अँपिअर. फवारणी पंपाची 8 एएचची बॅटरी तिच्यापुढे 10 मिनिटंही धड टिकणार नाही. 100 एएचची लेड अॅसिड घेतली तरी निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. म्हणजे फुल स्पीडला जेमतेम तासभर. अर्ध्या वेगानं गेलात तर तीच कितीतरी जास्त वेळ चालते.

ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावू नका. ती सेल्फ मारण्यापुरती असते, प्लेटा पातळ असतात. चार-सहा वेळा पूर्ण उतरली की ट्रॅक्टरही सुरू होणार नाही! इन्व्हर्टरची ट्युब्युलर टिकते, पण 150 एएचची पन्नास किलोच्या वर भरते आणि होडी कलली तर अॅसिड सांडतं. लिथियम फॉस्फेटची 100 एएच बॅटरी 10 ते 15 किलोची, 80 टक्के वापरता येते. महाग आहे, पण रोज पाण्यात जाणाऱ्यानं माझ्या मते हीच घ्यावी. तिचा चार्जर वेगळा येतो, इन्व्हर्टरवर लावू नका. लेड अॅसिड असेल तर घरी आल्यावर त्याच दिवशी चार्जिंगला लावा.

प्लस टर्मिनलजवळ 50 अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर तांब्याची, 16 चौरस मिमी. आपल्या उन्हाळ्यात बॅटरी उघड्या उन्हात ठेवू नका.

जलपर्णी पंख्यात अडकली की मोटार जास्त करंट ओढते आणि जळते. लगेच बंद करा, वायर काढा, मगच हात घाला.

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडल्याचं कळलं तर होडी काढूच नका. धरणाला 41 दरवाजे आहेत, त्या ओढीपुढे 40 पौंडाचं काही चालत नाही. एरवीही वल्हं आणि लाइफ जॅकेट होडीत असू द्या.

बॅटरी घेण्याआधी तिच्यावरच्या लेबलचा फोटो या नंबरवर पाठवा, बघून सांगतो.