वजनाचा काटा आणि पोटाचा घेर

"डॉक्टरसाहेब, वजन उतरवायचं नवं इंजेक्शन आलंय म्हणे, ते लिहून द्या." अशी मागणी हल्ली दवाखान्यात वरचेवर होते. मागणी करणाऱ्याच्या मोबाईलवर एखादी जाहिरात असते आणि जाहिरातीत बीएमआय, मेटाबॉलिझम असे जड शब्द असतात. त्यांचा अर्थ घेणाऱ्याला माहीत नसतो आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही नसतो. म्हणून आज आधी शब्दांचा अर्थ पाहू, मग उपचारांकडे वळू.

बीएमआय काढणे सोपे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागायचे. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७० किलो असेल तर बीएमआय साधारण २७ येतो. हे गणित एकोणिसाव्या शतकात केतले नावाच्या बेल्जियन विद्वानाने मांडले. बीएमआय हे नाव मात्र त्याला १९७२ साली मिळाले. आपल्याकडे त्या वर्षी लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, आणि अमेरिकेत शास्त्रज्ञ लठ्ठपणा कसा मोजावा याचा विचार करीत होते!

पाश्चात्त्य लोकांसाठी २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी २००९ मध्ये आपल्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादा याहून कमी, म्हणजे २३ आणि २५ आहेत. "आपण तर त्यांच्याहून किरकोळ, मग आपल्यालाच कडक नियम का?" असे एका शिक्षकांनी मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पुण्यात सापडते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा सारखाच, पण एकाच्या अंगात स्नायू जास्त आणि दुसऱ्याच्या अंगात चरबी. याची सुरुवात आईच्या पोटातच होते, असे याज्ञिक यांच्या अभ्यासातून दिसते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर स्त्रियांची पाहणी केली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र तेवढ्या प्रमाणात कमी नव्हती. गर्भात उपासमार सोसलेल्या अशा शरीराला पुढे भरपूर खाणे आणि बैठे काम मिळाले, की मधुमेह लवकर गाठतो. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्याने हे लक्षात ठेवायला हवे. मी स्वतः बहात्तरच्या आगेमागे जन्मलेला, त्यामुळे दरवर्षी न चुकता साखर तपासतो.

हातपाय काडीसारखे आणि पोट माठासारखे, असा माणूस आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो. त्याला कोणी लठ्ठ म्हणत नाही, आणि तोही म्हणतो, "माझं वजन बरोबर आहे." त्याच्यासाठी काट्यापेक्षा शिंप्याची टेप चांगली. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवी धरून घेर मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे. पँटचे माप सांगू नये. पँट पोटाखाली बांधली जाते.

मेटाबॉलिझम म्हणजे शरीराचा चोवीस तास चालणारा चुलीचा जाळ. तो पुडीने किंवा काढ्याने भडकवता येत नाही. थायरॉइड मंद असेल तर वजन थोडे वाढते, त्यासाठी टीएसएच तपासावा. पण थायरॉइड ठीक असताना केवळ बारीक होण्यासाठी त्याच्या गोळ्या खाल्ल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड असते, त्याने चेहरा आणि पोट सुटते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

आता उपचार. पहिला अर्थातच आहार आणि चालणे. हे ऐकले की रुग्णाचा चेहरा पडतो. पण ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो जरी उतरले तरी साखर आणि रक्तदाबात फरक पडू लागतो. भाकरी दोषी नाही. दिवसाचे सहा कप गोड चहा, फरसाण आणि उपवासाची तुपातली साबुदाणा खिचडी यांचा हिशेब आधी करा. डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धत काहींना मानवते. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवण तोडू नये, साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो.

गोळ्यांपैकी ऑर्लिस्टॅट खाल्लेल्या तेलातुपाचा सुमारे तिसरा हिस्सा पचू देत नाही. तो तसाच बाहेर पडतो. भजी खाऊन ही गोळी घेणाऱ्याने धोतर सांभाळावे. सिबुट्रामिन या गोळीवर हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०११ मध्ये भारतात बंदी आली. तरी अनेक देशांत ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये ती चोरून मिसळलेली सापडली आहे.

इंजेक्शने दोन, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. २०२५ मध्ये ती वजनासाठी आपल्या देशात आली. जेवल्यावर आतड्यातून जे संप्रेरक निघते त्याची ही नक्कल. पोट सावकाश रिकामे होते आणि मेंदूला "पुरे" असा निरोप जातो. आठवड्याला एक इंजेक्शन. पहिल्याने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरले, दुसऱ्याच्या मोठ्या मात्रेने सुमारे २० टक्के. औषध खरे आहे, यात शंका नाही. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. उलट्या, बद्धकोष्ठ, पित्ताचे खडे, क्वचित स्वादुपिंडाची सूज हे त्रास आहेतच. शिवाय चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि आपल्याकडे ते आधीच कमी. बीएमआय ३० च्या वर, किंवा मधुमेह, रक्तदाबासारखा आजार असताना २७ च्या वर, त्यांच्यासाठी हे औषध आहे. गरोदरपणात मुळीच नाही. लग्नाआधी चार किलो उतरवायला तर मी ते लिहून देत नाही.

शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढतात किंवा अन्नाची वाट वळवतात. पोटावरची चरबी ओढून काढणे वेगळे. त्याने आकार बदलतो, साखर सुधारत नाही. फार लठ्ठ आणि मधुमेही माणसाला जठराच्या शस्त्रक्रियेचा खूप फायदा होतो, पण जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर लागतात.

एक गोष्ट राहिली. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर पेढे वाटू नयेत. ऊसतोडीहून परतलेला माणूस झडलेला दिसला की घरचे म्हणतात, "कष्टाने वाळला." कधी ते खरे असते, कधी आत क्षय किंवा मधुमेह असतो. साठ किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत तीन किलो आपोआप गेले तर तपासणी हवी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा रात्रीचा घाम असेल तर थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तहान आणि लघवी वाढली असेल तर त्याच दिवशी साखरही पाहावी.