वारा एकच, एक वाण उभा, दुसरा मोडलेला

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जुलै १९९३ मध्ये वादळी वारे झाले आणि ऐन वाढीतला मका मोठ्या क्षेत्रावर मोडून पडला. पीक आडवे होणे शेतकऱ्याला नवे नाही. कोवळ्या वयात मुळांपाशी कललेले रोप बरेचदा पुन्हा वर वळते. येथे मात्र हिरवीगार, निरोगी ताटे खडूसारखी सांध्यावर तुटली होती. अशा वादळांनंतर नेहमी दिसणारी विचारात पाडणारी गोष्ट अशी की, एका वाणाचे शेत जवळजवळ शाबूत असते, तर शेजारच्या दुसऱ्या वाणाचे उद्ध्वस्त.

तुरा येण्यापूर्वीच्या सुमारे दोन आठवड्यांत मका विलक्षण वेगाने उंच होतो. कांड्यांतील पेशी लांबत असतात. त्यांच्या भिंतींना बळकटी देणारे लिग्निन हे द्रव्य अद्याप पुरेसे साठलेले नसते. पाण्याने टम्म भरलेले असे ताट वाकत नाही, तडकते. तेही बहुधा कणसाच्या जागेखाली. तसे झाले की त्या रोपापासून दाणा जवळपास मिळतच नाही. दैवदुर्विलास असा की, ज्या शेताला पाणी, नत्र आणि ऊब भरपूर मिळाली, तेथेच हा धोका अधिक.

वाणावाणांतला फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. परंतु तो एका जनुकाचा खेळ नाही. लिग्निननिर्मितीतील एक जनुक बिघडलेला ‘तपकिरी शिरांचा’ मका जनावरांना पचायला हलका, म्हणून मुरघासासाठी मोलाचा. पण त्याची ताटे कमकुवत. उलट, २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी वर्णन केलेल्या ‘स्टिफ-१’ या जनुकाचे काम मंदावले की सेल्युलोज व लिग्निन वाढून ताट बळकट होते. ‘ब्रॅकिटिक-२’ या जनुकातील बदलाने ऑक्झिन या संप्रेरकाचे वहन बिघडते, कांडी आखूड राहतात आणि बुटके झाड वारा कमी अडवते. तथापि, काढणीच्या वेळी भक्कम ठरणारे ताट कोवळेपणीही भक्कम असेलच, असे नाही. ही दोन वेगळी कसोट्यांची परीक्षा आहे.

खरी अडचण तुलनेतच आहे. वादळ आले त्या दिवशी एक वाण नाजूक अवस्थेत असेल आणि दुसरा ती ओलांडून गेला असेल, तर वाचलेल्याला ‘प्रतिकारक’ म्हणणे म्हणजे योगायोगाला गुण मानणे होय. पुढच्या वर्षी वादळ आठवडाभर आधी आले की निकाल उलटाही लागू शकतो. शिवाय निसर्गातले वादळ प्रयोगासाठी मागवता येत नाही. म्हणून पायोनियर या बियाणे कंपनीने ‘बोरियस’ हे फिरते वारायंत्र बनवले; ग्रीक पुराणातील उत्तरवाऱ्याच्या देवाचे हे नाव. योग्य वयाच्या ओळींवर ठरावीक वेगाचा वारा सोडायचा आणि मोडलेली ताटे मोजायची, इतकी ही साधी रीत.

अशा चाचण्यांतून मिळालेले गुणांक आता अमेरिकी बियाणे पुस्तिकांत छापलेले असतात. तरी जाणते शेतकरी एकाच वाणावर विसंबत नाहीत. वेगवेगळ्या मुदतीचे दोन-तीन वाण ते पेरतात, म्हणजे सगळे शेत एकाच दिवशी ठिसूळ अवस्थेत सापडत नाही. संप्रेरकसदृश तणनाशकांची फवारणीही ते वाढीच्या वेगवान काळात टाळतात, कारण त्यानंतर काही दिवस ताटे आणखी कडकडीत होतात.