वायगावची हळद आणि यकृतातील मेद
वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून, कुर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याच्या भरपूर प्रमाणासाठी ती ओळखली जाते. हे द्रव्य प्रतिऑक्सिडीकारक आहे, म्हणजेच पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना, अर्थात इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी राहिलेल्या अतिक्रियाशील रेणूंना, ते निष्प्रभ करते. ‘फॅटी लिव्हर’मध्ये यकृतपेशींत मेद साचतो, त्याच्या ज्वलनाचा ताण वाढून असे रेणू अधिक निर्माण होतात, ते पेशींच्या मेदमय आवरणावर आघात करतात आणि त्यातून आधी दाह व कालांतराने तंतुमयता, म्हणजे यकृतात व्रणासारख्या कठीण ऊतींची वाढ, संभवते. कुर्क्युमिनमुळे हा दाह मंदावल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले, तर माणसांवरील लहान चाचण्यांत यकृताची विकरे काही प्रमाणात उतरली. मात्र आतड्यातून ते फारच थोडे शोषले जात असल्याने भाजीतील चिमूटभर हळदीकडून औषधाची अपेक्षा करणे अवाजवी ठरते. उलट, शोषण वाढवण्यासाठी मिऱ्यातील पायपेरीन मिसळलेल्या तीव्र मात्रेच्या गोळ्यांनी काहींच्या यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेत आहेत. वजनात सात ते दहा टक्के घट हाच उपाय आजही अधिक भरवशाचा मानला जातो.